आतलं हँडल

वाफेवर चालणारी ती जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायचा मिस्त्रींनी चंगच बांधला होता. बॉयलर झाला, चाकं झाली, पण मागच्या दारांपाशी त्यांचा हात थबकला. हँडल फक्त बाहेरून होतं. आतला रंग खरवडल्यावर कळलं, तिथेही हँडल होतं. कुणीतरी ते काढून भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली होती. आजूबाजूला नखांचे ओरखडे होते.

"मागे कोण बसायचं हो?" त्यांनी मालकांना विचारलं.

"आमची पणजी! पणजोबांचा तिच्यावर भारी जीव. एकटीला कुठे म्हणून जाऊ द्यायचे नाहीत." मालकांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं.

मिस्त्रींनी त्या खुंट्यांकडे बोट दाखवलं. "मग आतून नवीन हँडल बसवू ना?"

"छे, छे! पणजोबांनी ठेवलं तसंच राहू द्या."

तेवढ्यात फोन वाजला आणि मालक बोलत बोलत बाहेर गेले.

इतका वेळ शेजारी उभ्या असलेल्या मालकांच्या बायकोने ओरखड्यांवरून हलकेच बोट फिरवलं. नवरा पाठमोरा आहे ना, ते पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"दादा, घरातल्या खोलीच्या दाराला बसवून द्याल का हो, आतून?"