धरणाच्या तळाशी

गाव धरणात बुडालं, त्याला तीस वर्षं झाली. गाव सोडताना उत्तमराव गुरं घेऊन पुढे गेले होते. मागून सासूला घेऊन यायची होती, पण त्यांची बायको शकुनबाई एकट्याच आल्या. "तुमची माय रुसून कुठं गेली कोन जाने," म्हणाल्या. उत्तमराव अजूनही आईची वाट पाहत.

यंदा पाणी उतरलं, तसा नातू अंकुर तोंडात श्वास घ्यायची स्नॉर्कलची नळी धरून पाण्याखालचं गाव बघून आला.

"आबाजी, घराइले दारंच नाहीत!"

"कसे राहतीन? जाताना साऱ्यांनी काढून नेले. सागाचं लाकूड कोन सोडते? आपलं तुह्या आजीनं इकलं."

शकुनबाई घाईने उठल्या. "चाला आता, ऊन लागते."

 

"नाही इकलं, आबाजी. फक्त मारुतीजवळच्या आपल्या घराले दार हाये. बाहेरून कडी लावलेलं."