दर तासाचं उत्तर

"नाही येत. परत तेच, रिक्वेस्ट टाइम्ड आउट," नरेंद्रचा सहकारी प्रमोद फोनवर म्हणाला. तो पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसला होता, आणि नरेंद्र गोडादऱ्यात स्वतःच्या घरी, राउटरसमोर.

"थांब. एक ओळ राहिली असेल."

शाळेच्या वह्या तपासता तपासता नूतन नवऱ्याकडे बघत होती. साड्यांची डिझाइनं घरूनही पाठवता यावीत म्हणून मिलने त्याला इंटरनेटची भाड्याची लाईन आणि हा राखाडी डबा दिला होता. अख्ख्या गल्लीत तसला दुसरा नव्हता. पण बसवणाऱ्या माणसाने पिंगला उत्तर देणं बंद करून ठेवलेलं. बाहेरून कुणी 'आहेस का?' विचारलं तरी डबा जिवंत असून गप्प. नरेंद्र ते आता फक्त मिलच्या पत्त्यासाठी उघडत होता.

"आलं," प्रमोद म्हणाला. "धडाधड उत्तरं येताहेत. आता सांग, मिलमध्ये बसून तुला घरातल्या डब्याशी काय बोलायचंय?"

"डब्याशी नाही रे. आबांशी."

आबा म्हणजे नरेंद्रचे वडील, भिकन. लिंबायतच्या लूमवर, यंत्रमागावर, बत्तीस वर्षं काढली, त्यात दोन्ही कान गेले. फोनची घंटाही ऐकू येत नसे. दोन महिन्यांपूर्वी चक्कर येऊन रस्त्यातच बसले, मागून आलेल्या टेम्पोचा हॉर्न कळला नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचले. एकटं बाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नूतन सकाळीच लहानग्या लेकीला, चैतालीला, आपल्या आईकडे सोडून म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवायला जाई, नरेंद्र मिलमध्ये. दिवसभर घरात आबा एकटे.

नरेंद्रने वडिलांना खुणा करून, कानाशी ओरडून समजावलं. घड्याळ बघून दर तासाला डब्याचं बटण बंद करायचं, वीस मोजायचे, परत चालू करायचं. तिकडे मिलमध्ये त्याच्या पडद्यावर उत्तरांच्या रांगेत खाच पडेल. खाच पडली की आबा ठीक.

"आणि नही पडनी तं?" आबांनी विचारलं.

"तर मी धावत येईन."

म्हाताऱ्याने घड्याळासमोर खुर्ची ओढून घेतली.

पहिल्याच दिवशी नऊच्या ठोक्याला खाच पडली, आणि उत्तरं परत आलीच नाहीत. नरेंद्रने स्कूटर काढली. घरी पोचला तेव्हा शर्ट भिजलेला, वाटेत स्कूटर घसरून पॅंट गुडघ्यावर फाटलेली. आबा ठेच्याशी भाकरी खात होते.

"कसाले धावत वना? बटन तं दाबं मी."

चूक नरेंद्रचीच होती. सेटिंग बदललं, पण राउटरमध्ये कायमचं साठवायचं राहून गेलं. बंद होताच डबा सगळं विसरून परत मुका झाला. त्याने ते दुरुस्त केलं, आणि मग पायरीवर बसून हसला.  आबा मात्र त्याच्या फाटक्या गुडघ्याकडेच बघत होते.

त्यानंतर खाच एकदाही चुकली नाही. नऊ, दहा, अकरा... थेट पाचपर्यंत. "मिनिट इकडचं तिकडे नाही," नरेंद्र जेवताना अभिमानाने सांगे. "लूमवरही त्यांची पाळी कधी रिकामी गेली नाही."

स्टाफरूममध्ये बाकीच्या बाया सासरच्या तक्रारी काढत, तेव्हा नूतन गप्प बसे. तिला वाटे, कुणाला सांगितलं तर दृष्ट लागेल. असा मुलगा आणि असा बाप. एक यंत्राला बोलायला शिकवतो, दुसरा घड्याळ बघून त्याच्या जिवाला शांतता देतो.

मग एके दिवशी शाळेत मतदानाच्या पेट्या येणार होत्या, म्हणून वर्ग लवकर सोडले. चैतालीला कडेवर घेऊन नूतन बारा वाजायला पाच मिनिटं असताना घरी आली. दाराला बाहेरून कुलूप.

तिला एकदम तो टेम्पोच दिसला. चैतालीला सावरत ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली, तेवढ्यात शेजारच्या वत्सलाकाकू पिठाचे हात पदराला पुसत आल्या. कमरेला किल्ली खोचलेली. नूतनला बघून त्या चपापल्या, पण थांबल्या नाहीत. कुलूप उघडलं, घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि बाराच्या ठोक्याला डब्याचं बटण दाबलं. ओठांतल्या ओठांत वीस मोजले. परत दाबलं.

"काकू, आबा कुठे आहेत?"

"पोरीला खाली ठेव आधी. पाणी पी."

"आबा कुठे आहेत?"

"मी बदलीवर आहे," वत्सलाकाकू म्हणाल्या. "लूमवाला गावाला गेला की त्याच्या नावावर दुसरा उभा राहतो ना, तशी. नरू धावत आला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा माझ्याकडे आले, बटण दाखवलं, वीस मोजून घेतले माझ्याकडून. तीन महिने झाले."

"म्हणजे ते रोज बाहेर? त्या रस्त्यावर एकटे?"

"एकटे कसले. आमच्या यांच्या रिक्षात जातात आणि तू यायच्या आत परत येतात. रस्ता ओलांडायचा नाही, हे मी कबूल करून घेतलंय."

"पण जातात कुठे?"

"पांडेसऱ्याला. नरूच्या मिलच्या फाटकासमोर चहाची लारी आहे ना, ती हातगाडी, तिथे बाकावर बसून असतात. नरू चहाला बाहेर आला की लारीच्या मागे होतात." काकूंनी बोटांना उरलेलं पीठ पदराला पुसलं. "मी म्हटलं, आबा, या वयात कशाला हे? तर म्हणाले, त्याला माझी खबर तासातासाला कळते. तो नीट पोचला का, ठीक आहे का, हे मला कोण सांगणार?"