बदललेली ओळ

रुग्ण दगावला आणि ठपका सिस्टरवर आला.

"अलार्म वेळेवर वाजलाच नाही," त्या सांगत राहिल्या.

"डोळा लागला असेल, कबूल करून टाका," मेट्रन म्हणाल्या.

रुग्णाच्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर मुळात सर्वांसाठी खुलं होतं. एक कंपनी त्यात बदल करून ते इंटरनेटवरून पुरवत होती. वापरणाऱ्यानं मागितला तर बदललेला कोड द्यायचा, अशी परवान्यातच अट होती. सिस्टरनी तो मागितला.

त्याच कंपनीत कामाला असलेला त्यांचा मुलगा वैतागला. "आई, कशाला खोलात शिरतेस? सोड ती नोकरी, मी आहे ना!"

अखेर कोड आला. अलार्म दोन मिनिटं दाबून ठेवणारी ओळ जाणकारानं शोधून दिली. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव होतं.


दुसऱ्या दिवशी सिस्टर चौकशी समितीला म्हणाल्या, "अलार्म वाजला होता, साहेब. माझाच डोळा लागला होता."