चौथा खडा

वाटीत टण्णकन खडा पडला आणि वृषाली दचकली.

सुट्टीचा दिवस होता, सुरतच्या उधन्यातले माग बंद. रोज भिंतींतून अंगात शिरणारी खटखट थांबली, की घरात अशी शांतता उतरे की नळाचा थेंबही मोठा वाटे. ती आणि प्रदीप कितीतरी वेळ टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे नुसतेच बघत बसले होते. शेजारी जमिनीवर मयुरी खालच्या रेतीच्या ढिगातून वेचून आणलेला खडा स्टीलच्या वाटीत घालून धूत होती.

"मम्मी, जो ने, केवढा चकचकीत."

"जो ने काय गं? बघ ना म्हणावं."

"बघ ना."

खडा आजीच्या हुकमाचा. अमळनेरहून तिने फोनवर बजावलं होतं, तिघांनी मिळून प्रवास करू नये. करायचाच तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घ्यावा. "त्याचंही तिकीट काढू का, आई?" असं प्रदीपने विचारलं, तर तिकडून फोन आपटला गेला.

प्रदीपच्या मिलमध्ये इटलीहून नवे माग येणार होते. ते शिकायला शेठ त्याला तिकडे पाठवत होते. शिकून झालं की आठवडाभर सुट्टी, आणि तेवढ्यापुरत्या या दोघी तिकडे जाणार.

"रोज बिऱ्हाड हलवायचं नाही," प्रदीप पुन्हा सांगू लागला. "भाड्याची छोटीशी गाडी घ्यायची. एका गावात सामान टाकायचं. सकाळी उठून डोंगरावरचं एखादं गाव बघायचं, संध्याकाळी परत. मुक्काम कुठे, तेवढं तू सांग. उद्या फॅक्स करायचाय."

"तुम्हीच ठरवा."

"म्हणजे जन्मभर ऐकवायला मोकळी, मला कुठे विचारलंत म्हणून."

ती हसली नाही. प्रदीपने नकाशावर बोट ठेवलं. "हे कोर्तोना. डोंगराच्या खांद्यावर बसलंय. गावाबाहेर दगडी घर मिळतं म्हणे. खाली तळं दिसतं. शांत. आजूबाजूला चिटपाखरू नाही."

"दवाखाना?"

"असेल की. घाट उतरला की खाली..."

तो तिथेच थांबला.

तीन वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होत होती, तेव्हाही ही दोघं अशीच नकाशावर वाकली होती. प्रदीप म्हणत होता, नाशिकला मावशीकडे जाऊ. वृषाली म्हणाली होती, शहर नको, माणसं नकोत. वर डोंगरात, शांत जागी राहू. तिचं ऐकलं गेलं. तिथे श्रीरंगला, मयुरीच्या दादाला, ताप भरला. डॉक्टर घाटाखाली होता. गाडी खाली पोचली, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जागा कुणी निवडली होती, हे प्रदीपने त्यानंतर एकदाही काढलं नव्हतं. ते न काढणंच घरात वावरत होतं, खात होतं, पीत होतं, मोठं होत होतं. अजूनही पानं घेताना तिचा हात चौथ्या ताटाला लागे. मग ती ते आवाज न करता परत ठेवी.

प्रदीपचं बोट नकाशावर हळूच वर सरकलं.

"हे अरेझो. मोठं गाव आहे. स्टेशन आहे. हॉस्पिटल आहे, रात्रंदिवस चालू असतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मागांसाठी जागा बघायला जो इटालियन येऊन गेला ना, त्याला विचारलं होतं."

"कधी?"

"तिकिटांचं ठरायच्याही आधी."

वृषालीने त्याच्याकडे पाहिलं. "मग मघापासून ते कोर्तोना कशाला दाखवत होतात?"

"तुला आवडलं असतं म्हणून." तो नकाशाची चुरगळलेली घडी तळहाताने सारखी करू लागला. "तुला उंचावरची घरं आवडायची."

मयुरीच्या वाटीत पाणी खळखळलं.

"तुम्ही सांगा ना," वृषाली म्हणाली. "मी नाही सांगत. माझं पुन्हा चुकलं तर?"

"तूच सांग. मी फक्त गाडी चालवणार."

तिने हात पुढे केला. बोट कोर्तोनावर क्षणभर घुटमळलं, उन्हात तापलेल्या दगडाला लागावं तसं उचललं गेलं आणि अरेझोवर टेकलं. टेकलं ते टेकलंच. नखाखालचा भाग पांढरा पडेस्तोवर तिने ते दाबून धरलं.

"इथे," ती म्हणाली.

प्रदीपने मान हलवली. खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडायचं सोडून नुसतंच हातात धरून बसला.

मयुरी उठली. ओला खडा फ्रॉकला पुसून तिने आईचं बोट बाजूला सारलं आणि तो बरोबर तिथेच ठेवला. खड्याखालचा कागद हळूहळू भिजू लागला.

"झालो आपण चौघं," ती म्हणाली. "आता काही नाही ना होणार?"

"काही नाही होणार," प्रदीप म्हणाला.

मयुरीचं समाधान झाल्यासारखं दिसलं. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे त्या घाटातल्या एका वळणावर काढलेला फोटो होता: गाडीला टेकलेले पप्पा, मम्मीच्या कडेवर ती, आणि बॉनेटवर पाय सोडून बसलेला दादा. एकेकावर बोट नेत तिने मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मम्मी," ती वळली, "तेव्हा तर आपण चौघंच होतो ना?"