अठरा नंबरचं पिंप

पातेलं बघूनच भागूबाईच्या पोटात दुखायला लागलं.

करमाडजवळच्या त्यांच्या वस्तीवर बोअरचं पाणी फ्लोराइडचं. शहरातल्या डॉक्टर कालिंदीबाईंनी चिठ्ठ्या काढून घरोघरी सारखीच निळी पिंपं वाटली होती. अर्ध्यांत फ्लोराइड आणि क्षार धरून ठेवणारं औषध, अर्ध्यांत नुसती वाळू. कुठल्यात काय, ते बुडावरच्या नंबरावरून फक्त त्यांनाच कळणार. तपासणी वर्षभराची, तोवर अदलाबदल करायची नाही, असं सगळ्यांनी कबूल केलेलं.

पण शेजारच्या थोरल्या जावेच्या, आवडाबाईच्या, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरेना. भागूबाईच्या पातेल्याला मात्र जाड पापुद्रा.

"औषध तुमच्याच पिंपात हाय, बाई. नशीबवान तुमी," तिनं साऱ्या वस्तीसमोर ऐकवलं. मोतीबिंदूमुळं आवडाबाईला ना थर दिसायचा ना पातेलं. ती नुसती "व्हय का?" म्हणाली.

आवडाबाईच्या घरात लेकरू नाही अन् पाणी औषधाचं! देवानंही डोळे मिटूनच वाटप केलेलं दिसत होतं.

भोगीच्या दिवशी भागूबाई नात रेणूला शहरात क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. फ्लोराइडनं दातांवर पडलेले डाग जाणार नाहीत, तो म्हणाला. पण हिरडीतले दात अजून घडतायत. आतापासून चांगलं पाणी मिळालं तर ते वाचतील.

दुपारी परतली तर ओट्यावर भोगीची भाजी अन् बाजरीच्या भाकरी झाकून ठेवलेल्या. पिंपाखालची फरशी ओली.

"मीच ठिवली," दारातून आवडाबाई म्हणाली. "दमून येशील म्हणलं."

"आमच्या हाताला काय झालंय, बाई?"

आवडाबाई रेणूच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. भागूबाईनं फणफणत फरशी पुसली. भाजी मात्र सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आवडाबाई हळदीकुंकवाला गेली. भागूबाईनं डोकं दुखण्याचं निमित्त केलं, दोन्ही पिंपं रिकामी केली आणि बदलली. चोरी कसली? नातीचे दात होते.

पातेल्याला थर धरतच राहिला. जुना क्षार निघायला वेळ लागतो, असं तिनं मनाला समजावलं. मग तिनं पातेल्याकडं बघणंच सोडलं.

दिवाळीला वर्ष भरलं. कालिंदीबाई वही घेऊन आल्या. आता चोरी उघडी पडणार म्हणून भागूबाई दाराआड सरकली. डॉक्टरबाईंनी तिचं पिंप उलटं केलं.

"अठरा. तुम्हाला दिलेलंच आहे."

आवडाबाईकडं सतरा. तेही बरोबर.

"औषध कुठल्यात व्हतं?" भागूबाईनं कसंबसं विचारलं.

"सतरात. तुमच्यात वाळू. रेणूच्या तपासणीत फ्लोराइड होतं तेवढंच आहे. आजपासून तुम्हालाही औषधाचं पिंप देते."

डॉक्टरबाई पुढच्या घरी गेल्यावर आवडाबाईनं चाचपत भागूबाईचा हात धरला.

"भागू, भोगीला तू शहरात गेलतीस, तवा मी माझं पिंप तुझ्या घरात ठिवलं व्हतं. रेणूसाठी. मग ते माघारी माझ्याकडं कसं आलं गं?"