शेवटच्या आंघोळीचं पाणी

दर पावसाळ्यात ओढा शेताचा लचका तोडायचा. काठ धरून ठेवायला भिवाजी बाभळीचं बी गार पाण्यात भिजवून लावायचा. ते कधीच रुजलं नाही. "पुढच्या साली बघ, हौसे," बायकोला म्हणायचा.

तो गेला, तेव्हाही बी बादलीत होतं. त्याला शेवटची आंघोळ घातल्यावर धाकट्या जावेनं हंड्यात उरलेलं उकळतं पाणी चुकून त्याच बादलीत ओतलं.

"अगं, बी शिजवलंस!" हौसा कळवळली. तरी फेकवेना, म्हणून राख सावडून आल्यावर तिनं ते काठावर टोचलं.

थोड्याच दिवसांत सून ओरडली, "आत्याबाई, बाभळी उगवल्या!"

कठीण टरफल उकळत्या पाण्यानंच मऊ झालं होतं. इवल्या कोंबांशी हौसा बसली.

"जन्मभर गार पाणी घातलंत," ती पुटपुटली, "जाताना मात्र आपल्या आंघोळीतलं कढत पाणी ठेवून गेलात."