चौथं चर्च

भांडणं नसलेलं चर्च शोधताना रूथबाईंनी तीन ठिकाणांवर फुली मारली होती. हे चौथं. उपासना संपल्यावर त्या चहासाठी अंगणात आल्या, तर टेबलाच्या दोन टोकांना दोन किटल्या आणि प्रत्येकीभोवती वेगळा घोळका. इकडचा माणूस तिकडे बघतसुद्धा नव्हता.

म्हणजे इथंही पाणी मुरत होतंच.

"या ना, आमच्याकडचा घ्या!" दोन्हीकडून एकदमच हाका आल्या. एवढी माया कशासाठी, हे न कळायला त्या काय नवख्या होत्या? त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी म्हातारे पाळकसाहेबच रिकामा कप घेऊन जवळ आले. "कंटाळलो बघा या भांडणाला. तुमच्या जुन्या चर्चमध्ये असं नव्हतं ना?"

रूथबाईंनी नजर चुकवली.

"होतं. तिथं दुसरी किटली मीच आणली होती."